बेचाळीसपैकी एकेचाळीस गुणांचा फ्लॅट

आयुष्यात मी एकच घर विकत घेतलं, आणि तेही स्वतःसाठी नाही, कंपनीसाठी. आफ्रिकेत, मोम्बासा शहरात, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ते निवडायला मी दुबईहून बेचाळीस प्रश्नांची यादी घेऊन गेले होते. त्या फ्लॅटला बेचाळीसपैकी एकेचाळीस गुण मिळाले. उरलेला एक कशाने गेला तेही सांगते: कचरा टाकायला मजल्यावर पाइप नव्हता. बाकी सगळं बिनचूक होतं. चार महिन्यांनी तिथे राहायला गेलेल्या बाईने परतीचं तिकीट मागितलं.

आधी माझं काम सांगते, नाहीतर दुबईतल्या बाईने मोम्बासात घर कशाला घेतलं, हे कळणार नाही.

दुबईच्या देरा भागात आमची ट्रेडिंग कंपनी होती. जनरेटर, पाण्याचे पंप आणि त्यांचे सुटे भाग पूर्व आफ्रिकेला पाठवायचे, हा धंदा. मी तिथे ॲडमिनमध्ये पंधरा वर्षं काढली. ॲडमिन म्हणजे काय, असं पुण्याचे नातेवाईक दर सुट्टीत विचारत. विक्री, हिशेब आणि माल सोडून जे उरतं ते सगळं, असं मी सांगत असे. व्हिसे, रजा, तिकिटं आणि माणसांच्या राहण्याच्या जागा. यातलं शेवटचं काम सगळ्यात मोठं. ठराविक पगाराच्या वर असलेल्यांना बायकामुलं आणायची परवानगी मिळे. त्यांना अजमानमध्ये फ्लॅट बघून द्यायचे, कारण तिथे भाडी परवडत. ज्यांचा पगार त्या रेषेच्या खाली, ते मुहैस्नाहच्या कॅम्पमध्ये. त्या भागाला आपली माणसं सोनापूर म्हणतात. एका खोलीत आठ जण, दुमजली लोखंडी खाटा, मधोमध आठ जोडी चपला.

माझ्या यादीतला प्रत्येक प्रश्न एकेका फजितीतून आला होता. लिफ्टमध्ये फ्रिज उभा मावतो का, हा सातवा प्रश्न. तो कसा सुचला असेल ते तुम्ही ओळखाल. आमचे अकाउंटंट कुलकर्णी जागा बघायला येताना खिशात होकायंत्र आणत आणि संडासाच्या दारात उभे राहून दिशा पाहत. मी म्हणे, "कुलकर्णी, उत्तर-दक्षिण सोडा. एसीचा काँप्रेसर कुठे बसवलाय ते बघा, दुबईत तीच एक दिशा." सगळे हसत. मला हे वाक्य फार आवडायचं.

अकरावा प्रश्न होता खिडक्यांचा. त्यापुढे मी लिहिलं होतं: 'कमी तितक्या बऱ्या.' तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण तिथल्या उन्हाळ्यात बाहेरची हवा म्हणजे झाकण काढलेली कढई. वर रेती. खिडकीचं काम एकच, बंद राहणं. मग ती असावीच कशाला? मी कमी खिडक्यांना जास्त गुण देत असे आणि एसीचं बिल कमी आलं की स्वतःची पाठ थोपटत असे.

माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिने एकदा विचारलं, "मम्मा, डू यू हॅव अ लिस्ट ऑफ युअर लिस्ट्स?" होती. सांगितलं नाही.

तर एके दिवशी शेठनी बोलावलं. आमचे शेठ सिंधी. हातात कायम चहाचा पेला आणि तोंडात हिंदी. मोम्बासाच्या गोदामावर पाठवलेला दुसरा स्टोअरकीपरही सहा महिन्यांत पळून आला होता.

"विद्याबेन, अकेला आदमी उधर टिकता नहीं. फॅमिलीवाला भेजो. और भाड़े का चक्कर नहीं चाहिए. तीस साल से दुबई में हूँ, अपने नाम की एक दीवार नहीं. उधर एक छोटा फ्लॅटही ले लो. देखके लेना."

आम्हा बाहेरच्यांना तेव्हा दुबईत घर विकत घेता येत नसे. त्यामुळे मी साठेक घरं भाड्याने घेतली होती आणि विकत एकही नाही. भाड्याचं घर चुकलं तर वर्षाने सोडता येतं. हा फरक मला तेव्हा सुचला नाही.

कोणाला पाठवायचं, हे मात्र मला लगेच सुचलं. अनंत गुरव. संगमेश्वर तालुक्यातला, आमच्या गोदामातला, पंपाचा कुठलाही वॉशर डोळे मिटून काढून देणारा माणूस. दोन वर्षांतून दोन महिने रजा, या हिशेबाने त्याचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती आणि बायकोसोबत राहणं झालं होतं दहा महिने. हे मला माहीत होतं, कारण रजेचं रजिस्टर माझ्याकडे होतं. मूल नव्हतं. गावात त्याचा बोल कोणाला लागत असेल, ते सांगायला नको.

मोम्बासाला बायको नेता येईल, म्हटल्यावर अनंता खुर्चीवर बसला. माझ्यासमोर तो कधी बसत नसे.

"मॅडम, खरंच? सुलोचनाला?"

"खरंच. पण सहा महिन्यांची ट्रायल आहे. तुम्ही दोघं तिथे टिकलात तर पोस्ट पक्की. नाही जमलं तर परत इथे."

"इथे म्हणजे कॅम्पात."

"हो."

"जमेल मॅडम. न जमायला काय झालं?"

मी यादी घेऊन विमानात बसले.

मोम्बासातल्या दलाल जयाबेन साठीच्या, जन्म तिथलाच, एकाच वाक्यात गुजराती, हिंदी आणि स्वाहिली. त्यांनी मला दोन घरं दाखवली. पहिलं जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. हॉलला समोरासमोर खिडक्या, झडपांच्या लाकडी. एकीतून बंदराच्या बाजूचं पाणी दिसत होतं. भिंतीवरचं कॅलेंडर सारखं फडफडत होतं. मी लिहिलं: 'आवाज. धूळ आत येणार. खिडक्या फार.' किंमत शिलिंगमधून दिरहॅममध्ये आणि दिरहॅममधून रुपयांत करून मी मोठ्याने म्हटली, तोवर जयाबेन दोन मजले उतरल्या होत्या. एकूण गुण सतरा.

दुसरं घर नव्या इमारतीत. लिफ्ट, खाली झाकलेली पार्किंग, जाड भिंती, प्रत्येक खोलीला एसी आणि एकच खिडकी, तीही मागच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड केलेली. ऊन नाही, धूळ नाही, आवाज नाही. आत पाऊल टाकलं आणि अजमानमध्ये आल्यासारखं वाटलं. मला याचा आनंद झाला, यावरून माझी अक्कल ओळखा.

जयाबेन दोन्ही घरांत एक गोष्ट करत होत्या. कमरेचा मोठा पांढरा रुमाल काढायच्या, हॉलच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि एका टोकाला धरून तो नुसता लोंबता ठेवायच्या. पहिल्या घरात तो निशाणासारखा उडत होता. इथे सरळ खाली.

"बेन, ये रुमाल देखो," त्या म्हणाल्या.

"हाँ, हाँ. बहुत साफ है," मी म्हणाले आणि सतराव्या प्रश्नाकडे वळले.

त्यांनी रुमाल घडी करून ठेवला. "रहेगा कौन?"

"हमारा स्टाफ. मियाँ-बीवी."

"उनको पूछा?"

"उनको सब चलता है," मी म्हणाले.

वकिलाने जमिनीचा नव्याण्णव वर्षांचा पट्टा तपासला, शेठनी फॅक्सवर होकार दिला, सह्या झाल्या. यल्ला, खलास. महिन्याभरात अनंता दुबईहून आणि सुलोचना मुंबईहून तिथे पोचली.

अनंताचे फॅक्स दर गुरुवारी येत. आधी स्टॉकचे आकडे, शेवटी एक ओळ: 'घर चांगलं आहे मॅडम.' मी ती ओळ शेठना वाचून दाखवत असे.

चौथ्या महिन्यात त्याचा अर्ज आला. कंपनीचा छापील अर्ज, मीच तयार केलेला. प्रवाशाचं नाव: सौ. सुलोचना अनंत गुरव. प्रवास: मोम्बासा ते मुंबई. परत येण्याचं ठिकाण: नाही. कारणाचा रकाना कोरा.

मी त्यावर 'अपूर्ण अर्ज परत' हा शिक्का मारला आणि फॅक्स उलट पाठवला. होय, मारला. एका माणसाचा संसार मोडायला निघाला होता आणि मी रकाना कोरा म्हणून अर्ज परत केला. दुसऱ्या दिवशी तो भरून आला. कारण: 'वारा नाही.'

मी फोन लावला. सुलोचनाशी मी पहिल्यांदाच बोलत होते.

"ताई, घर झकास आहे हो," ती म्हणाली. "पण इथं लाइट दिवसातून दहा-दहा तास नसते. धरणात पाणी नाही म्हणतात. एसी बंद, पंखा बंद. मग घरात श्वास कोंडतो. सगळ्यांच्या घरात वारा येतो, आमच्याकडेच नाही येत."

मला एकदम हायसं वाटलं. विजेचा प्रश्न! अहो, आम्ही जनरेटर विकणारे लोक. पुढच्याच कंटेनरमध्ये मी त्यांच्यासाठी एक छोटा जनरेटर चढवला. तो पोचला, आणि इमारतीच्या कमिटीने तो बसवू दिला नाही. फ्लॅटला गॅलरी नव्हती. धूर जिन्यात जाणार. गॅलरी नसणे, याला माझ्या यादीत एक गुण होता: कबुतरं येत नाहीत. जनरेटर गोदामात गेला आणि चार दिवसांत विकला गेला. शेठ खूष झाले.

मग मात्र मी स्वतः गेले. जाण्याआधी सुलोचनाचं तिकीट काढलं, ते माझं कामच होतं. पण पाठवलं नाही, खणात ठेवलं.

सकाळी अकराला मी त्या घरात यादी हातात घेऊन उभी असताना लाइट गेली. आधी एसीची घरघर थांबली, मग पंखा. खिडकी उघडली. हात लांब केला असता तर मागच्या इमारतीची भिंत लागली असती. ती उन्हाने तापून आमच्याकडेच बघत होती. पहिल्या पंधरा मिनिटांत मी प्रश्न तपासले. सगळी उत्तरं अजून बरोबर होती. पुढच्या पंधरा मिनिटांत मी यादीची घडी घातली आणि तिने वारा घ्यायला लागले. त्या घरात माझ्या बेचाळीस प्रश्नांचा झालेला हा पहिला उपयोग.

सुलोचना बघत होती. सावळी, काटक, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. "चला ताई, आमच्या हॉलमध्ये," ती म्हणाली आणि मला जिन्यात घेऊन गेली.

वरच्या वळणावर जाळीच्या विटा होत्या. तिथे चटई, विळी, पाण्याचा तांब्या आणि निम्मं खवलेलं खोबरं. तिचा दिवसाचा संसार तिथे होता.

"इथं बसते. जाणारे-येणारे ओळखतात आता. जांबो म्हणतात, मी पण म्हणते."

"अनंता म्हणतो घर चांगलं आहे."

"त्यांना काय! आठ जणांत झोपायची सवय. त्यांना घर म्हणजे आपलं कुलूप लावता येतं ते." ती विळीवर बसली. "मी रागावून नाही चालले, ताई. अकरा वर्षं थांबले, चार महिन्यांचं काय? पण अंगावर पुरळ उठतं, जेवण जात नाही, दिवसभर भांडते त्यांच्याशी. गावी पडवीत वारा असतो, तिथं हे नसतात. इथं हे आहेत, तर वारा नाही. दोन्ही मागितलं तर जास्त होतं का?"

मी यादीची घडी पर्समध्ये टाकली. मी म्हणाले, "मला पंधरा दिवस दे."

"दिले," ती म्हणाली आणि खोबरं खवायला लागली.

परतीच्या विमानात मी रिपोर्ट तयार केला. मुद्देसूद, दीड पान. वीजकपात तात्पुरती आहे, फ्लॅटची निवड योग्य होती, कुटुंबाने सहकार्य करावं. शेठच्या टेबलावर तो शनिवारी जायचा होता. पण आदल्या दिवशी सकाळी माझी मुहैस्नाहची महिन्याची तपासणी होती. अनंताची जुनी खोली रांगेत तिसरी. शुक्रवारची सुट्टी असल्याने सगळे जण खोलीतच होते, कोणी पत्र लिहीत, कोणी दाढी करत. मी पर्समधून रुमाल काढला, चपलांच्या मधोमध उभी राहिले आणि एका टोकाला धरून तो लोंबता ठेवला.

आठ जण माझ्याकडे बघत राहिले.

"मॅडम, काय पडलं का?" वरच्या खाटेवरून एकाने विचारलं.

रुमाल सरळ खाली. खोलीला एकच खिडकी, वरच्या कोपऱ्यात, खिळे ठोकून बंद. ठोकायला मीच सांगितलं होतं, रेती येते म्हणून. माझ्या यादीत या खोलीला चाळीस गुण होते. इथून गेलेल्या माणसाला कुठलंही घर चांगलंच वाटणार होतं. त्याच्या त्या ओळीवर मी विसंबून राहिले होते.

शनिवारी रिपोर्ट फाडला आणि शेठसमोर उभी राहिले.

"शेठ, फ्लॅट मैंने गलत लिया."

"लिस्ट में क्या लिखा है?"

"लिस्टही गलत है."

शेठनी चहाचा पेला खाली ठेवला. "बारह साल में पहली बार सुना. फिर से बोलो."

मी पुन्हा बोलले. ते इतके हसले की बाहेरून कुलकर्णी डोकावले.

"मैंने बोला था, देखके लेना."

"मैंने पढ़के लिया, शेठ."

"तो बेच दो और दूसरा लो. लेकिन इस बार लिस्ट इधर मेरे पास जमा करके."

मी ती खरोखरच जमा केली आणि जयाबेनना फोन लावला. चौथ्या मजल्यावरचं ते पहिलं घर लिफ्ट नाही म्हणून अजून पडून होतं. म्हटलं, सुलोचनाला घेऊन जा, ती म्हणेल ते. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"बेन, तुम्हारी बाईने रुमाल देखाही नहीं. खिड़की खोली और ज़मीन पे बैठ गई. मैंने पूछा, पसंद है? बोली, इधर चाय मिलेगी क्या?"

"और चार माले? लिफ्ट नहीं है, बोला ना?"

"बोला. वो हँसती है. बोली, मेरे गाँव में कुआँ इससे नीचे है."

माझ्या एकेचाळीस गुणांच्या फ्लॅटला गिऱ्हाईकही लगेच मिळालं. आखातात वीस वर्षं काढून मोम्बासाला परतलेलं एक कुटुंब. त्यांनी जयाबेनना पहिला प्रश्न विचारला, खिडक्या किती? एकेकच, म्हटल्यावर नवरा-बायकोने समाधानाने एकमेकांकडे पाहिलं. पुढे पाऊस झाला, धरणं भरली, वीजही परत आली आणि त्यांचा एसी थंडगार चालू लागला. म्हणजे माझी यादी अगदीच चुकीची नव्हती. हे मी आजही सांगते. घरात कोणी ऐकत नाही. कुलकर्णींना तेव्हा महिनाभर माझ्या टेबलावर होकायंत्र ठेवून जाण्याचा नाद लागला होता. मीही ते मुकाट्याने परत नेऊन देत असे.

कॅम्पचं काय केलं, असं विचाराल. फारसं काही नाही. खिडक्यांचे खिळे काढायला लावले. हिवाळ्यात त्याचा उपयोग झाला, उन्हाळ्यात पोरांनी स्वतःच पुठ्ठे लावून बंद केल्या. आठचे सहा करा, म्हणून तीनदा लिहिलं. एका खोलीत सात झाले. मी ॲडमिनमध्ये होते, हे खरं. पण त्याआडही किती लपायचं?

अनंताची पोस्ट पक्की झाली. गुरुवारच्या फॅक्सखालची ती ओळ मात्र बंद झाली. त्याऐवजी कधी 'तुम्ही पाठवलेला डाळींचा डबा मिळाला', कधी 'हिने चौथ्या मजल्यावरून कोणाशी तरी भांडण काढलं' असं काहीबाही यायला लागलं. मी ते शेठना वाचून दाखवत नसे.

खणातलं तिकीट मी पंधराव्या दिवशी रद्द केलं.

दोन वर्षांनी रजेचा अर्ज आला. या वेळी अक्षर अनंताचं नव्हतं. मोठं, गोल, रेघ सोडून वर चढणारं. प्रवासी: दोघं. प्रवास: मोम्बासा ते मुंबई. परत येण्याचं ठिकाण: मोम्बासा, खाली दोन रेघा. कारणाचा रकाना कोरा.

शिक्का मी उचलला होता. सवयच ती. मग तो खणात परत ठेवला आणि तिकिटं काढायला दिली. पंधरा वर्षांत कारणाशिवाय मंजूर केलेला तो माझा एकुलता एक अर्ज.